देवयानी दीर्घिकेचे सर्पिल रूप दाखवणारे छायाचित्र

देवयानी दीर्घिका सर्पिल आहे, हे प्रथम दिसले ते लिव्हरपूलजवळच्या मघल गावी, आयझॅक रॉबर्ट्स यांच्या खासगी वेधशाळेत. बांधकाम व्यवसायात पैसा मिळवलेल्या या वेल्श हौशी निरीक्षकाने १८८५ मध्ये हॉवर्ड ग्रब यांच्याकडून २० इंची परावर्ती दुर्बीण बनवून घेतली.

लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमधील ७२ इंची दुर्बिणीतून १८४५ मध्येच दुसऱ्या एका तेजोमेघाची (तेव्हा देवयानीलाही तेजोमेघच मानत) सर्पिल रचना पाहून रेखाटली होती. देवयानीचे रूप मात्र डोळ्यांना उलगडत नव्हते. ती आपल्याकडे बरीच कललेली, आणि तिचे बाह्य भाग फार मंद. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज बाँड यांना १८४७ मध्ये तिच्यात दोन काळे पट्टे दिसले, पण त्यांचा अर्थ लागला नाही.

अडचण सोडवली जिलेटिनच्या कोरड्या काचपट्ट्यांनी. आधीची ओली पट्टी काही मिनिटांतच वाळून निकामी होई. कोरडी पट्टी तासन्‌तास प्रकाश साठवी. डोळ्याला हे कधीच जमत नाही. अर्थात तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने अचूक फिरत राहायला हवी. म्हणून सोबत जोडलेल्या ७ इंची दुर्बिणीतून एका ताऱ्यावर सतत नजर ठेवावी लागे. थंडीत, अंधारात केलेले हे कष्टाचे काम खऱ्या कौतुकाला पात्र आहे.

२९ डिसेंबर १८८८ च्या छायाचित्रात काळे पट्टे सर्पिल भुजांमधील फटी ठरले. रॉबर्ट्स यांना मात्र देवयानी ही घडत असलेली सूर्यमाला वाटली. देवयानी ही आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे एडविन हबल यांनी १९२३ मध्ये तिच्यात सापडलेल्या रूपविकारी ताऱ्यावरून सिद्ध केले.