धनुष्य, अस्वल आणि आमिष

लहान मुलांच्या उशाशीं ठेवावयाचें कापडी अस्वल आतां पुण्यामुंबईच्या घरांतून इतकें रुळलें आहे, कीं त्याचें कुळ कोठलें हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्याच्या नांवांतला 'टेडी' म्हणजे अमेरिकेचा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत तो मिसिसिपी राज्यांत अस्वलाच्या शिकारीस गेला होता. त्याचा वाटाड्या होल्ट कॉलियर हा गुलामगिरींत जन्मलेला कृष्णवर्णीय, आणि त्या रानांतला नामांकित शिकारी. त्याच्या कुत्र्यांनीं एक अस्वल गांठलें. अस्वलानें एक कुत्रा मारला. तेव्हां कॉलियरनें बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा देऊन त्यास झाडाशीं जखडलें व अध्यक्षास बोलावणें धाडलें. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्यास रूझवेल्टनें नकार दिला. त्या प्रसंगावर क्लिफर्ड बेरीमन याचें व्यंगचित्र वर्तमानपत्रांत झळकलें, ब्रुकलिनमधील एका दुकानदारानें खेळण्यांतलें अस्वल करून त्यास अध्यक्षाचें लाडकें नांव दिलें, आणि पुढचें सर्वांस ठाऊक आहे. फारसें ठाऊक नसतें तें एवढेंच, कीं खऱ्या अस्वलाची सुटका झाली नाहीं. रूझवेल्टच्याच सांगण्यावरून सुरीनें त्याचा शेवट करण्यांत आला.

या एका नकाराभोंवतीं शिकारीच्या नीतीचें केवढें तरी लिखाण जमा झालें आहे. रूझवेल्ट व त्याचे स्नेही यांनीं १८८७ सालींच 'बून अँड क्रॉकेट क्लब' काढला होता. जनावराला निसटण्याची खरीखुरी संधि असेल तरच ती शिकार, हें त्या मंडळींचें तत्त्व. ऐकावयास तें सरळ वाटतें. परंतु बांधलेलें अस्वल मारूं नये हें कबूल केल्यावर, शिळ्या पावांनीं व काकवीनें भरलेल्या पिपाकडे रोज संध्याकाळीं आपण होऊन येणारें अस्वल मारावें कीं नाहीं? त्याच्या गळ्यांत दोर नाहीं. पण पोटांत भूक आहे. अमेरिकेंतील निरनिराळ्या राज्यांनीं या प्रश्नाचीं अगदीं उलटसुलट उत्तरें दिलीं आहेत, आणि त्या वादाशीं धनुष्याचा संबंध वरवर दिसतो त्याहून फार निकटचा आहे असें आम्हांस वाटतें.

आरंभींच सांगितलेलें बरें, कीं आम्ही शिकारी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील शिकारीचें प्रकरण बहुतेक मिटविलें. त्यापूर्वींचे मचाण, खालीं बांधलेलें रेडकूं आणि मध्यरात्रींचा वाघ हें सर्व आम्हीं केवळ छापील पानांवर पाहिलें. तेव्हां परक्या देशांतील माणसें आमिष टाकून अस्वलाची वाट पाहत बसतात म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाहीं. आपले राजेरजवाडे व साहेबलोक तेंच करीत होते, आणि तेंही हातांत दुनळी बंदूक घेऊन.

बंदूक स्वस्त व अचूक झाल्यावर अमेरिकेंत धनुष्य अडगळींत गेलें होतें. तें पुन्हां बाहेर काढण्याचें श्रेय प्रथम मॉरिस व विल थॉम्पसन या दोन भावांकडे जातें. यादवी युद्धांत हे दोघे दक्षिणेच्या सैन्यांत लढले. पराभवानंतर अशा सैनिकांस बंदूक बाळगण्याची मनाई असल्यामुळें ते धनुष्याकडे वळले असें सांगतात. मॉरिसचें 'द विचरी ऑफ आर्चरी' हें पुस्तक १८७८ सालीं निघालें आणि पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय धनुर्विद्या संघ स्थापन होऊन तो त्याचा पहिला अध्यक्ष झाला. परंतु हा उत्साह लौकरच लक्ष्यवेधाच्या मैदानांत व दिवाणखान्यांत जिरला. रानांतली विद्या रानांतल्या माणसाकडूनच परत यावयाची होती.

ता. २९ ऑगस्ट १९११ रोजीं कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवाबाहेरच्या एका कत्तलखान्याच्या आवारांत एक उपाशी, भेदरलेला मनुष्य सांपडला. याही जमातीचा तो शेवटचा माणूस. १८६० नंतरच्या दशकांत गोऱ्या वसाहतवाल्यांनीं या जमातीचा पाठलाग करून करून तिची कत्तल केली होती. जे मूठभर उरले ते डिअर क्रीक नदीच्या घळींत चाळीस वर्षें लपून राहिले. १९०८ सालीं जमीन मोजणाऱ्या लोकांस त्यांची झोंपडी दिसली, आणि आठवण म्हणून त्यांनीं घोंगड्या, हत्यारें, भांडीं अशी सारी चीजवस्तु उचलून नेली. हिंवाळा तोंडावर आला असतां! या माणसानें आपलें नांव कधींच सांगितलें नाहीं. त्याच्या लोकांत तसें सांगणें अशिष्ट समजत. पतीचें नांव ओठांवर न आणणाऱ्या आपल्या आज्यांस हा संकोच सहज समजला असता. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यानें त्यास 'इशी' म्हटलें. त्याच्या भाषेंत त्याचा अर्थ 'मनुष्य' एवढाच.

सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयांत इशी राहूं लागला. शेजारच्याच रुग्णालयांत सॅक्स्टन पोप नांवाचा शस्त्रवैद्य होता. त्याची व इशीची गट्टी जमली ती धनुष्यावरून. इशीचें धनुष्य जुनिपरच्या लांकडाचें, पाठीवर स्नायूंचे तंतु चिकटविलेलें. बाणाचें टोंक काळ्या ज्वालामुखी कांचेचें, आणि तीही न मिळाल्यास बाटलीच्या कांचेचें. तो उकिडवा बसून बाण मारी. शिकारीच्या आदल्या दिवशीं मासे खात नसे व विडी ओढीत नसे, कारण हरणाला वास लागतो. अस्वलाविषयीं त्यानें पोपला सांगितलें तें असें, कीं त्याचे लोक अनेक मिळून त्याभोंवतीं विस्तव पेटवीत व उघड्या तोंडांत बाण मारण्याचा यत्न करीत. अस्वल कोणावर धांवलें तर जळतें कोलीत त्याच्या पुढें करीत. यांत 'निसटण्याची संधि' शिकाऱ्यानेंही मागून घेतलेली दिसते, आणि आम्हांस तें अगदीं वाजवी वाटतें.

१९१४ च्या मे महिन्यांत इशी, क्रोबर, त्याचा सहकारी वॉटरमन व पोप अशी मंडळी डिअर क्रीकच्या घळींत गेली. बरोबर पोपचा अकरा वर्षांचा मुलगा होता. ज्या मुलुखांतून इशीचीं सर्व माणसें नाहींशीं झालीं, तेथें तो एका गोऱ्या डॉक्टरास व त्याच्या पोरास वाटा, लपणी व हरणाचा माग दाखवीत हिंडला. बाप, मुलगा व धनुष्य असें जें चित्र पुढें अमेरिकन शिकारी कुटुंबांस इतकें प्रिय झालें, त्याचा उगम या सफरींत आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र त्या चित्रांतून तिसरा माणूस बहुधा गाळलेला असतो. इशी २५ मार्च १९१६ रोजीं क्षयानें वारला. त्याच्या देहाची चिरफाड होऊं नये असें क्रोबरनें कळकळीनें लिहिलें होतें. पत्र पोंचण्यापूर्वींच ती झाली. त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत गेला आणि २००० सालीं त्याच्या नात्यांतल्या जमातींच्या हातीं परत आला.

पोप हा मात्र शिष्य म्हणून खरा निघाला. आर्थर यंग या सोबत्यासह १९२० सालीं त्यानें यलोस्टोनमध्यें संग्रहालयासाठीं, रीतसर परवाना घेऊन, ग्रिझली अस्वलें बाणांनीं मारलीं; आणि १९२३ सालीं 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' हा ग्रंथ लिहिला. तो १९२६ सालीं गेला. यंगनें अलास्कांतील शिकारीचें चलच्चित्र गांवोगांव दाखविलें. तें डेट्रॉइट येथें पाहून एका तरुण कारागिरास धनुष्याचा ध्यास लागला. त्याचें नांव फ्रेड बेअर. आडनांवाचाच अर्थ अस्वल. दैवाला कधीं कधीं असा विनोद सुचतो! त्यानें १९३३ सालीं धनुष्यांचा कारखाना काढला, आणि १९३४ सालीं विस्कॉन्सिन राज्यानें केवळ धनुष्यानें हरणें मारण्याचा स्वतंत्र हंगाम ठरवून दिला. पुढें इतर राज्यें त्याच वाटेनें गेलीं. शेवटीं १९६९ सालीं मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यास कप्प्यांच्या धनुष्याचें पेटंट मिळालें. या धनुष्याची दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम हलका होतो. म्हणून ज्यास पूर्वीं पैलवानाचा दंड लागे तें काम घरांतल्या स्त्रिया व वाढतीं मुलें करूं लागलीं. शिकारीची रजा ही कुटुंबाची रजा झाली ती अशी.

आतां आमिषाकडे वळूं. धनुष्य हातीं घेणें म्हणजे आपण होऊन आपली शक्ति कमी करून घेणें होय. बंदुकीची गोळी दोनशें वारांवर काम करते. बाणानें स्वच्छ मृत्यु द्यावयाचा तर तो पंधरा-वीस वारांवरून, बाजूनें, फुप्फुसांत बसला पाहिजे. मेनच्या देवदारांच्या दाट रानांत किंवा आयडाहोच्या डोंगरउतारांवर काळ्या अस्वलाच्या इतक्या जवळ जाणें दुर्घट, कारण त्याचें नाक माणसाच्या कल्पनेपलीकडचें. तेव्हां आपण जावयाचें नसेल तर त्यास आणलें पाहिजे. रान पाहून एक पीप झाडाला साखळदंडानें बांधतात. त्यांत शिळे पाव, साखरेचे गोळे, मांसाचे तुकडे, काकवी घालतात, बडीशेपेसारखा उग्र वास आसपास शिंपडतात, आणि आठवडेच्या आठवडे तें पुन्हां पुन्हां भरतात. शरद ऋतूंत अस्वलास दीर्घ निद्रेसाठीं चरबी सांठवावयाची असते. त्या काळांत तें दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खाऊं शकतें. असल्या भुकेपुढें तें पीप म्हणजे काय, हें सांगावयास नको. ज्या धनुष्यानें शिकारीस व्रताचें रूप दिलें, त्यानेंच आमिषाची गरज वाढवावी हें विचित्र खरें. मात्र आमिष ही कांहीं गोऱ्यांची युक्ति नव्हे. उत्तरेकडील क्री वगैरे जमाती जड ओंडक्यांच्या सांपळ्यांत आमिष लावून अस्वल मारीत. पण तेच लोक त्याचें नांव सरळ घेत नसत, त्यास 'आजोबा' म्हणत, आणि मारल्यावर त्याची क्षमा मागत. आयर्व्हिंग हॅलोवेल यानें १९२६ सालीं या चालीरीतींवर मोठा प्रबंध लिहिला आहे. वाघाला 'वाघोबा' म्हणून शेंदूर लावणाऱ्या आपल्या वारली बांधवांस त्यांत नवल वाटणार नाहीं.

विरोध करणाऱ्यांचें म्हणणें हलकें नाहीं. खाण्यास मान लववून उभ्या असलेल्या जनावरावर बाण सोडणें हा कसला डाव, असें ते विचारतात. शिवाय माणसाच्या खाण्याची चटक लागलेलें अस्वल उद्यां अंगणांत येतें. २०१४ सालीं न्यू हॅम्पशायर येथें आमिषांतलें चॉकलेट खाऊन दोन माद्या व दोन पिलें जागच्या जागीं मेलीं; पुढें त्या राज्यानें चॉकलेट वापरण्यास बंदी केली. कोलोरॅडोच्या मतदारांनीं १९९२ सालीं, ओरेगॉनच्यांनीं १९९४ सालीं व वॉशिंग्टन राज्याच्यांनीं १९९६ सालीं आमिष व कुत्रे दोन्ही बंद केले. मेनमध्यें मात्र २००४ व २०१४ अशा दोन वेळां हाच प्रश्न मतास टाकण्यांत आला आणि दोन्ही वेळां लोकांनीं आमिषाची शिकार राखली. सरकारी वन्यजीव खात्यानेंच बंदीस विरोध केला. या दाट रानांत आमिषावांचून अस्वलांची संख्या आवरतां येणार नाहीं असा त्याचा दावा. शहरांत राहणारे एका बाजूस व डोंगरांत राहणारे दुसऱ्या बाजूस, असें मतांचें रूप पुष्कळदां दिसलें. एकास अस्वल म्हणजे उशाशीं ठेवलेलें खेळणें, दुसऱ्यास मधाचीं पोळीं फोडणारा शेजारी व हिंवाळ्याचें मांस. हें मांस चांगलें शिजवूनच खावें लागतें, कारण त्यांत सूक्ष्म कृमि असतात. चरबी वितळवून स्वयंपाकास ठेवतात.

आमचें मत विचाराल तर तें एका बाजूस ठाम बसत नाहीं. पीप भरून ठेवणें आम्हांस रुचत नाहीं; परंतु आमिषाच्या बाजूनें जो एक मुद्दा मांडतात तो ऐकल्यावर आम्ही थबकलों. पळत्या अस्वलावर घाईनें गोळी झाडणाऱ्यास तो नर कीं मादी हें कळत नाहीं. आमिषाशीं मचाणावर बसलेल्यास पाहण्यास वेळ असतो. पिलें असलेली मादी मारूं नये असा पुष्कळ राज्यांचा नियम आहे, आणि मादी पिलांस बहुधा दूर झाडावर चढवून एकटीच पिपाशीं येते. म्हणून जाणते शिकारी पहिल्यांदा मचाणावर बसलेल्या मुलास सांगतात, कीं अस्वल आलें म्हणून दोरी ओढूं नको. तें कितीदां मागें वळून पाहतें, कान कोठें लावतें, तें बघ. अशा वेळीं अंधार पडेपर्यंत बाप आणि मुलगा हालचाल न करतां बसून राहतात. मादी खाऊन जाते, मागच्या देवदारावरून एक पिलूं खरखरत खालीं उतरतें, मग दुसरें, आणि तिघें झाडींत दिसेनाशीं झाल्यावर बाप बाण भात्यांत परत ठेवतो व मुलास आधीं खालीं उतरावयास सांगतो.