पाठीवरचं घर, ओढायचं घर

तासगावहून धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, पिकपच्या हौद्यावर केबिन बसवू, की गाडीमागं एक लहान ट्रेलर ओढू?" निवृत्तीनंतर नवरा-बायकोनं घर सोबत घेऊन हिंडायचं, असं त्या दोघांनी ठरवलं आहे. माझी नोकरी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत पाटे, ॲक्सल आणि त्यांवर पडणारं वजन यांच्या हिशेबात गेली, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्याला आकडे हवे होते आणि ते मी दिलेही. पण ज्या शहरात मी राहते त्या शहरानं हा प्रश्न फार पूर्वीच हाताळलेला आहे. ओझं पाठीवर लादायचं की मागं बांधून ओढायचं, यावर इथला व्यापार चालला, इथल्या लढाया जिंकल्या आणि हरल्या गेल्या. म्हणून त्याला सांगितलं ते सगळं इथे सविस्तर लिहिते.

बेंगळुरूच्या जुन्या पेटेत फिरताना गल्ल्यांची नावं वाचत जावीत. अक्कीपेटे तांदळाची, रागीपेटे नाचणीची, अरळेपेटे कापसाची, उप्पारपेटे मिठाची, तरगुपेटे धान्याच्या अडत्यांची. एवढा माल जिथे उतरत होता त्या गल्ल्या अजूनही इतक्या अरुंद आहेत की समोरासमोर दोन टेम्पो आले की एकाला मागं सरावं लागतं. या गल्ल्या बैलगाडीसाठी झालेल्याच नाहीत. त्या लादलेल्या बैलासाठी झाल्या आहेत.

सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए लिहून गेला आहे की गोवळकोंड्यापासून कन्याकुमारीपर्यंतच्या मुलखात गाड्या दिसतच नाहीत. माणसं आणि माल बैलांच्या नि तट्टांच्या पाठीवरून जातात. शहाजीराजांकडे बेंगळुरूची जहागीर आली ती याच काळात, १६३८ नंतर. दहा-बारा हजार बैलांचे तांडे ताव्हर्निएनं पाहिले होते. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो पुरता निघून जाईपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस थांबून राहावं लागे.

तांड्याची रीत इंजिनिअरच्या नजरेनं पाहिली की तिच्यातलं शहाणपण कळतं. बैलाच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या, म्हणजे तोल मधोमध. एका बैलावर साधारण सव्वाशे ते दीडशे किलो. चारा बरोबर न्यायचा नाही, बैलानं वाटेनं चरत चालायचं. त्यामुळे वेग कमी आणि खर्चही कमी. नदीला उतार असला की पूल लागत नाही, डोंगरात पायवाट असली की रस्ता लागत नाही. एक बैल पडला तर दोन गोण्यांचा प्रश्न, तांडा पुढं चालतो. या रीतीची किंमत मात्र रोज संध्याकाळी मोजावी लागे. हजारो गोण्या उतरवायच्या, त्यांची रास रचून आडोसा करायचा आणि सकाळी पुन्हा सगळं लादायचं. बंजारा बाया-माणसांचं आयुष्य या चढ-उतारात गेलं. त्यांचं घर, त्यांची मुलं, त्यांचं दुकान सगळं त्या तांड्यातच होतं.

ओढण्याच्या पद्धतीची परीक्षा बेंगळुरूच्याच वाटेवर झाली. २१ मार्च १७९१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसनं टिपूचा बेंगळुरूचा किल्ला घेतला आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. वेढ्याच्या अवजड तोफा चाकांवर होत्या आणि बैल त्या ओढत होते. पावसानं वाट चिखलाची केली, टिपूच्या घोडदळानं चारा-दाणा तोडला, बैल रोगानं आणि उपासानं मरू लागले. १५ मेला अरकेरेजवळची लढाई जिंकूनही कॉर्नवॉलिसला पुढं सरकता येईना. शेवटी आज जिथं कृष्णराजसागर धरण आहे त्या कन्नंबाडीजवळ त्यानं वेढ्याच्या तोफा स्वतःच्या हातानं निकामी केल्या आणि जड सामान नष्ट करून माघार घेतली. ओढणारं जनावर गेलं की मागचं सगळं जागच्या जागी अडकतं.

परतीच्या वाटेवर मेलुकोटेजवळ त्याला मराठ्यांच्या फौजा भेटल्या, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या. धारवाडचा वेढा उरकून भाऊ तिकडं आले होते. इंग्रज छावणीत उपासमार चालली होती आणि मराठ्यांच्या छावणीत आख्खा बाजार भरलेला होता. धान्य आणि जनावरं होतीच; विलायती बनात, चाकू, काश्मिरी शाली, हिरे आणि सुकी मासळीसुद्धा होती. दर चढे होते, पण माल होता. मराठी इतिहासात या बाजारबुणग्यांची हेटाळणीच जास्त झाली आहे, आणि पानिपतानंतर ती समजण्यासारखीही आहे. तरी मेलुकोटेला जे घडलं तेही तितकंच खरं. बैलांच्या, उंटांच्या, तट्टांच्या पाठीवर चालणाऱ्या त्या बाजारानं एक मोडकळीला आलेली फौज जगवली. त्यानंतर इंग्रजांनी धान्यासाठी बंजाऱ्यांशी पद्धतशीर करार केले, आणि १७९२ ची मोहीम त्या धान्यावर उभी राहिली.

हे परशुरामभाऊ आमच्या तासगावचे. कर्नाटकातल्या स्वाऱ्यांत पाहिलेली गोपुरं त्यांच्या मनात इतकी भरली की तासगावच्या गणपतीच्या देवळाला त्यांनी दक्षिणी धर्तीचं सात मजली गोपुर बांधायला घेतलं. १७७९ ला सुरू झालेलं देऊळ १७९९ ला त्यांच्या मुलानं पुरं केलं. त्या गोपुराखाली आम्ही भावंडं वाढलो, तेव्हा बेंगळुरूची वाट आमच्या गावानं पूर्वीच चालून ठेवली होती.

ओढणं म्हणजे हरणं, असा निष्कर्ष मात्र काढू नये. म्हैसूरच्या वडियारांनी सुरू केलेलं आणि हैदर-टिपूंनी वाढवलेलं अमृतमहाल हे गाई-बैलांचं खातं नेमकं ओढण्यासाठी पोसलं होतं. हे बैल चपळ आणि काटक होते, तोफ घेऊन घोडदळाबरोबर चालत. टिपूच्या पाडावानंतर ते इंग्रजांच्या हाती पडले. मार्च १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली फौज घेऊन हरिहरहून निघाला आणि २० एप्रिलला पुण्यात पोहोचला. त्याच वर्षी असईची लढाई झाली. त्या मोहिमेत म्हैसूरच्या बैलांचं मोल त्यानं वारंवार मान्य केलं. जनावर चांगलं आणि वाट कोरडी असेल तर ओढणं झपाट्याचं असतं. शिवाय त्याच फौजेचं धान्य बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर होतं. एका मोहिमेत दोन्ही पद्धती, ज्याच्या त्याच्या कामाला.

पुढं पारडं फिरलं ते रस्त्यांमुळे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि कोकणातून देशावर चाक चढू लागलं. त्याच दशकात सोलापूरकडे टेंभुर्णीला गेसफोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं सुधारलेल्या हलक्या बैलगाड्यांचा कारखाना काढला. त्याआधीच्या दख्खनी गाड्या भरीव चाकांच्या, जड, कुटुंबाच्या मालमत्तेत मोजाव्यात अशा होत्या. म्हैसूर राज्यात १८३४ ते १८६१ कमिशनर असलेल्या मार्क कब्बननं सुमारे १६०० मैल रस्ते बांधून घेतले. बेंगळुरूकरांना त्याचं नाव बागेमुळे ठाऊक आहे, रस्त्यांमुळे असायला हवं. या रस्त्यांवर एक जोडी तांड्यातल्या कितीतरी बैलांचा माल ओढू लागली. १८६४ मध्ये जोलारपेटहून आगगाडी बेंगळुरूला पोहोचली आणि तांड्यांच्या धंद्याचा कणाच मोडला.

घरांचंही तसंच झालं. ज्यांनी या देशात पिढ्यान्पिढ्या घर बरोबर वागवलं त्यांनी निवड हौसेनं केली नाही. धनगराचं बिऱ्हाड तट्टावर असतं, कारण मेंढरं डांबरी सडकेनं जात नाहीत. बांध, ओढे, माळ ओलांडायचे तर संसार पाठीवरच हवा. घिसाड्याचं बिऱ्हाड गाडीत असतं, कारण ऐरण आणि लोखंड तट्टाच्या पाठीवर मावत नाही, आणि गिऱ्हाईक गाडीवाटेवरच्या गावात असतं. सांगली-कोल्हापूरकडे ऊसतोडीला येणारी जोडपी रबरी चाकांच्या टायरगाडीतून संसार आणतात, फडाजवळ कोपी घालतात आणि तीच गाडी रिकामी करून ऊस वाहतात. घर उतरवून ठेवलं की वाहन कामाला मोकळं, हे त्यांनी केव्हाच सिद्ध केलेलं आहे. विलायतेत हौशी कॅरव्हॅनची सुरुवात सांगताना १८८५ च्या 'वाँडरर' या गाडीचं नाव घेतात. आरमारात डॉक्टर राहिलेल्या गॉर्डन स्टेबल्स यांनी ती ब्रिस्टलच्या कारखान्यात बांधून घेतली. दोन घोडे ती ओढत. आपल्याकडच्या घिसाड्याची गाडी तेव्हाही रस्त्यावर होती. तिच्यावर पुस्तक लिहिणारा कोणी भेटला नाही, इतकंच.

आता भावाचे आकडे. हौद्यावर बसवलेल्या केबिनचं जवळजवळ सगळं वजन मागच्या ॲक्सलवर येतं, म्हणून तिचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या थोडा पुढं पडला पाहिजे. डबल केबिनच्या पिकपचा हौदा आखूड असतो, त्यामुळे केबिन मागं लोंबते आणि पुढची चाकं हलकी होतात. वाहनाची वजन वाहायची जी मर्यादा लिहिलेली असते तीत केबिन, माणसं, गॅसची टाकी, पाणी सगळं येतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे लोक विसरतात. उंची वाढली की वळणावर गाडी कलते. या बदल्यात मिळतं ते मोठं आहे. गाडी एकसंध राहते, मागं घेता येते, आगुंब्याच्या चौदा हेअरपिन वळणांवर शेपटाची काळजी नसते. पण रात्री मुक्काम टाकला आणि सकाळी दूध आणायचं झालं तर आख्खं घर उचलून न्यावं लागतं. नाहीतर चारही कोपऱ्यांना जॅक लावून केबिन उतरवा. तांड्याच्या गोण्यांची चढ-उतार ती हीच. आणि इंजिन बिघडलं तर घरही गॅरेजात जातं.

ट्रेलरची गोष्ट वेगळी. त्याच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग जोडावर पडला पाहिजे. त्याहून फार कमी पडला तर वेगात ट्रेलर डोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो. सामान भरताना जड वस्तू ॲक्सलच्या आसपास आणि खाली, हा नियम जिवाचा आहे. आपल्या रस्त्यांवर प्रत्येक गतिरोधक तीनदा चढावा लागतो. मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीत ते मी स्वतः कधी करणार नाही. पण मुक्कामाला पोहोचलं की जोड सोडा, गाडी मोकळी. कायद्यानंही या दोघांना जवळजवळ बसवलं आहे. केंद्र सरकारच्या २००४ च्या वाहनवर्गीकरणात 'खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर' अशी एकच नोंद आहे. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी लागणारं वाहन आहे. वाहनात मूळ रचनेबाहेरचे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे कुठल्याही शेडमध्ये केबिन ठोकून घेण्याआधी आरटीओची मंजुरी कागदावर हवी.

भावाला पाहायची आहेत देवळं: बदामी, ऐहोळे, लक्कुंडी, हंपी. एकेका ठिकाणी महिनाभर राहून वहिनीला खांब-मूर्तींची चित्रं काढायची आहेत. तासगावपासून तिथपर्यंत सगळा पठाराचा रस्ता, म्हणजे गाडीचा मुलूख. म्हणून मी त्याला सांगितलं, लहान ट्रेलर घे. मलनाडच्या आणि कोकणच्या घाटांत रोज नवा मुक्काम करत हिंडायचं असतं तर पाठीवरचं घर घे म्हटलं असतं.

मात्र याहून मोठा प्रश्न मुक्कामाचा आहे, आणि तोही बंजाऱ्यांनी आधी ओळखला. शहाजहानच्या दख्खन मोहिमेत भंगी आणि जंगी या नायकांना असफखानानं ताम्रपट दिला, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यात पाणी आणि चारा घेण्याचा हक्क होता, वेळ पडली तर छपराचं गवतसुद्धा. ज्याचं घर चालतं त्याला थांबण्याचा हक्क लागतो. नेमका तोच पुढं काढून घेतला गेला. १८७१ च्या कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या विस्तारानं कितीतरी भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून सुटका झाली, पण पाल दिसलं की हुसकायचं ही सवय गेली नाही. आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. फिरत्या घराचं सरकारी स्वागत झालं, याचा मला आनंद आहे.

तो आनंद पुरा व्हायचा तर कॅरव्हॅनसाठी राखलेल्या जागांत नळ, संडास आणि सावली यांची जी सोय होईल, ती गावाबाहेर उतरणाऱ्या धनगराला, घिसाड्याला आणि ऊसतोडीच्या जोडप्यालाही मिळाली पाहिजे. हौसेनं हिंडणाऱ्याला आपण मुक्कामाची जागा देतो, तर पोटासाठी हिंडणाऱ्याचा तिच्यावर आधी हक्क आहे. भावाला मी हेही सांगितलं आहे: जिथं ट्रेलर लावशील तिथं ग्रामपंचायतीला विचार, आणि शेजारी पाल असेल तर त्या माणसांना आधी विचार. पाणी कुठलं चांगलं, रात्री जागा निर्धोक आहे का, हे त्यांना कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असतं.