नांगर, भोंगा आणि विद्यापीठ



विद्यापीठाचा कलामहोत्सव म्हटला, की तिकिटाचे नाट्यगृह आणि बंद दालनातले चित्रप्रदर्शन डोळ्यांपुढे येते. १९२१ साली स्थापन झालेल्या विश्वभारतीने मात्र आपले उत्सव ऋतूंच्या हवाली केले. पावसाळ्यात वर्षामंगल, फाल्गुनात वसंतोत्सव; गाणारे नि नाचणारे विद्यार्थीच. १९२८ साली श्रीनिकेतनात हलकर्षण, म्हणजे नांगरणीचा उत्सव, सुरू झाला. रवींद्रनाथांनी स्वतः नांगर धरला. नंदलाल बसूंनी तो सोहळा भिंतीवर चितारला.

शेत आले, गिरणी राहिली होती. ती रामकिंकर बैज यांनी आणली. बांकुड्यात न्हाव्याच्या घरी जन्मलेल्या या शिल्पकाराने १९५६ साली शांतिनिकेतनात ‘मिल कॉल’ घडवले. भोंगा ऐकून धावत सुटलेल्या दोन संथाळ स्त्रिया, मागे मूल. संगमरवर नव्हे, सिमेंट नि खडी. आणि जागा उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर.

पाळीचा भोंगा आम्ही कामगारांनी जन्मभर ऐकला. त्याला कलेत जागा मिळाली, हे थोडे नव्हे. पण उत्सवाचा मांडव घालणारा मजूर मांडव झाल्यावर घरी जातो. तो पहिल्या रांगेत बसेल, तेव्हाच विद्यापीठाचा हंगाम पिकला, असे आम्ही म्हणू.