डॉ. झाकिर हुसेन: जामियाच्या वर्गापासून राष्ट्रपतीपदाच्या उमेदवारीपर्यंत

आपल्या राज्यात अनेक उर्दू शाळांच्या पाटीवर डॉ. झाकिर हुसेन यांचं नाव आहे. पण हे कोण, असं वर्गात विचारलं तर मुलं 'राष्ट्रपती होते' एवढंच सांगतात. आम्हा शिक्षकांना त्यांची आधीची ओळख जास्त मोलाची वाटते. राष्ट्रपतीपदासाठी उभे राहण्याआधी त्यांनी सुमारे तीस वर्षं तालीमच्या कामात घालवली होती.

जन्म आणि शिक्षण

8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबादेत त्यांचा जन्म झाला. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचं, अफ्रिदी पठाणांचं. वालिद वकील होते. झाकिरसाहेब दहा वर्षांचे असताना त्यांचा इंतकाल झाला. चार वर्षांनी प्लेगच्या साथीत आईही गेली. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कुलातून ते अलीगढच्या कॉलेजात आले.

जामियाची बावीस वर्षं

1920 साली असहकार चळवळीत सरकारी मदतीवरचं शिक्षण सोडण्याची हाक आली. अलीगढच्या काही विद्यार्थ्यांनी आणि उस्तादांनी बाहेर पडून जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू केली. तेवीस वर्षांचे झाकिरसाहेब त्यांत होते. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली.

तोवर जामिया दिल्लीला हलवली होती आणि पैशांअभावी बंद पडायच्या बेतात होती. 1926 मध्ये आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या दोन साथीदारांसह ते परतले आणि वयाच्या 29व्या वर्षी शेख-उल-जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. हकीम अजमल खान यांच्या निधनानंतर 1928 मध्ये तिथल्या शिक्षकांनी वचन दिलं: वीस वर्षं संस्था सोडायची नाही आणि महिना 150 रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही. हातात बरेचदा त्याहून कमीच पडायचं, तेही उशिरा. परदेशी पदवी असलेल्या माणसाला दुसरीकडे सहज चांगली नोकरी मिळाली असती. पण झाकिरसाहेब 1948 पर्यंत जामियातच राहिले. मुलांसाठी त्यांनी गोष्टीही लिहिल्या. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांचीच.

वर्ध्याशी नातं

महाराष्ट्राशी त्यांचा थेट संबंध आला तो वर्ध्यात. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली. हातकामातून शिक्षण आणि त्या कामाच्या कमाईतून शाळेचा खर्च, अशी गांधीजींची कल्पना होती. झाकिरसाहेबांनी भर परिषदेत धोका सांगितला. कमाईवर जास्त भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेतील, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच दिलं गेलं. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून, ही त्या 'नई तालीम'ची मुख्य मांडणी. पुढे सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाचेही ते अध्यक्ष झाले.

फाळणी आणि अलीगढ

नोव्हेंबर 1946 मध्ये जामियाच्या रौप्यमहोत्सवात त्यांनी नेहरू, आझाद, जिना आणि लियाकत अली यांना एकाच मंचावर बसवलं आणि देशात पेटलेली आग विझवा, अशी विनवणी केली. आग विझली नाही. ऑगस्ट 1947 मध्ये जालंधर स्टेशनवर त्यांच्याच जिवावर बेतलं. एक शीख लष्करी कॅप्टन आणि एक हिंदू रेल्वे अधिकारी यांनी त्यांना वाचवलं. त्यानंतरही ते भारतातच राहिले. 1948 ते 1956 या अवघड काळात त्यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचं कुलगुरूपद सांभाळलं.

राजकारण आणि उमेदवारी

1952 मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले आणि 1957 मध्ये बिहारचे राज्यपाल. 1962 मध्ये उपराष्ट्रपतीपदासाठी त्यांना 568 मतं पडली, तर प्रतिस्पर्ध्याला 14. पुढच्या वर्षी भारतरत्न मिळालं.

1967 ची लढत मात्र सोपी नव्हती. त्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने अनेक राज्यं गमावली होती. राष्ट्रपतीला खासदारांबरोबर राज्यांचे आमदारही निवडतात, त्यामुळे निकालाची खात्री नव्हती. विरोधकांनी सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांना उभं केलं. त्यांनी त्यासाठी पदाचा राजीनामा दिला होता. मुसलमान उमेदवार निवडून येईल का, याचीही उघड चर्चा झाली. मतमूल्यानुसार झाकिर हुसेन यांना 4,71,244 आणि सुब्बाराव यांना 3,63,971 मतं मिळाली. 13 मे 1967 रोजी त्यांनी शपथ घेतली. ते देशाचे तिसरे आणि पहिले मुस्लिम राष्ट्रपती. सारा भारत माझं घर आणि इथली माणसं माझं कुटुंब, अशी भावना त्यांनी त्या वेळी मांडली.

3 मे 1969 रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. त्यांची मजार जामियाच्याच आवारात आहे.

आज आपल्या गावातही शिक्षक, मुख्याध्यापक, संस्थाचालक निवडणुकीला उभे राहतात. चांगलंच आहे. पण मत देण्याआधी घराघरांत एवढं जरूर विचारलं जावं, असं आम्हाला वाटतं: तिकीट मिळण्याआधी या माणसाने किती वर्षं मुलांसाठी काम केलं? शाळा अडचणीत असताना तो थांबला की निघून गेला?