चाळीस फुटांची पासोडी

पहाटेच्या एसटीने तुम्ही अंबाजोगाईला उतरता, योगेश्वरीचं दर्शन घेता आणि गावाबाहेर मुकुंदराजांच्या वाटेला लागता. बालाघाटाचा डोंगर इथे एकदम तुटतो. खाली दरी आहे आणि दरीच्या कुशीत समाधी. उतरताना पायऱ्या मोजू नका, वर्षं मोजा. निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हटलं गेलेलं हेच गाव वर राहतं, त्याखाली बरीदशाहीचा काळ, त्याखाली यादवांचा. शेवटच्या पायरीवर तुमचं पाऊल पडतं ते शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये.

झाडाखाली चार माणसं बसली आहेत. तुम्ही मागे उभे राहता. बोलणारा वेदान्त सांगतो आहे आणि तुम्हाला तो कळतो आहे, निदान अर्धा तरी. याचंच नवल वाटायला हवं. ब्रह्म, माया, जीव हे सगळं आतापर्यंत संस्कृतात बंद होतं. इथे ते आईच्या बोलीत, ओवीच्या चालीवर येतं आहे. हा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’. ज्ञानेश्वरी लिहून होईल ती शके १२१२ मध्ये, अजून एकशे दोन वर्षांनी.

हे सगळं निर्विवाद आहे असं मी म्हणणार नाही. ग्रंथाच्या शकाविषयी संशोधकांत मतभेद आहेत आणि वैनगंगेकाठचं आंभोरा मुकुंदराजांना आपलं मानतं. पण ज्या दरीत तुम्ही उभे आहात, तिथे त्यांची समाधी पिढ्यान्‌पिढ्या पुजली गेली आहे. गावात यादवांचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आहेत, तेराव्या शतकातले, संस्कृतातले. सेनापतीची कीर्ती संस्कृतात कोरली गेली आणि साधकाचं ज्ञान मराठीत बोललं गेलं. अंबाजोगाईच्या मातीत दोन्ही आहे. मला मोठं वाटतं ते दुसरं.

आता वर चढा, पण निम्म्यातच थांबा. साल साधारण १६०० धरा.

गावात एका घरात तुम्ही शिरता. जमिनीवर कापड अंथरलं आहे. जाडंभरडं, गरिबाघरी थंडीत अंगावर घेतात तसलं. पासोडी. अरुंद आहे, चारेक फुटांची. लांबी मात्र संपता संपत नाही. तुम्ही तिच्या कडेकडेने चालू लागता. चाळीस फूट! तिच्यावर ओणवे होऊन एक गृहस्थ बोरूने लिहीत आहेत. दासोपंत. दुष्काळात वडिलांना सरकारी सारा भरता आला नाही, म्हणून बीदरच्या दरबाराने याच माणसाला लहानपणी ओलीस ठेवलं होतं. मुदतीत पैसा आला नाही तर धर्म बदलावा लागणार होता. शेवटच्या घटकेला दत्ताजी पाडेवार नावाचा कोणी येऊन सारी रक्कम भरून गेला, आणि तो साक्षात दत्तात्रेय होता, असं परंपरा सांगते. इथल्या, बीड जिल्ह्याच्या वाचकाला त्या गोष्टीतला चमत्कार समजावून सांगावा लागेल; दुष्काळ आणि सारा समजावून सांगावा लागणार नाही.

वाका आणि नीट पाहा. कापडावर नुसत्या ओळी नाहीत. चौकटी आहेत, फांद्यांसारखे फुटत गेलेले तक्ते आहेत, रंग आहेत. विषय पंचीकरण: पाच महाभूतं एकमेकांत कशी मिसळतात आणि त्यांतून देह आणि जग कसं घडतं. मला ही पासोडी पोथीपेक्षा शाळेतल्या भिंतीवरच्या तक्त्यासारखी वाटते. पोथी एकाच्या मांडीवर असते आणि बाकीचे ऐकतात. हे कापड पसरलं की दहा जण एकदम पाहू शकतात, बोट ठेवून विचारू शकतात, ‘हे इथून कुठं गेलं, महाराज?’ वेदान्त मराठीत आणणं हे मुकुंदराजांचं काम. तो डोळ्यांना दिसेल असा मांडणं, हे दासोपंतांचं.

त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असं म्हणतात. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचं सांगितलं जातं. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास आहे. आकड्यात श्रद्धेने थोडी भर घातली असेल, पण लिहिणारा हात थकत नव्हता एवढं नक्की. १६१५ च्या सुमाराला तो थांबला.

पुढची शतकं झपाझप चढा. बीडमध्ये पाटांगणावर जपून ठेवलेली ज्ञानेश्वरीची जुनी प्रत वि. का. राजवाड्यांच्या हाती लागते आणि १९०९ मध्ये ती छापली जाते. बीडमध्ये पाटांगणावर जपून ठेवलेली ज्ञानेश्वरीची जुनी प्रत वि. का. राजवाड्यांच्या हाती लागते आणि १९०९ मध्ये ती छापली जाते. १९८३ मध्ये याच अंबाजोगाईत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरतं, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. माणदेशाच्या दुष्काळाचा लेखक बालाघाटाच्या दुष्काळात. मंडपात तुम्हीही क्षणभर बसा.

शेवटच्या पायरीवर दुपार झाली आहे. रस्त्यावरून ऊसतोड मजुरांचा ट्रक जातो आणि बाहेरच्यांना बीड म्हटलं की एवढंच आठवतं. मला त्याचं वाईट वाटतं. याच कोरड्या जिल्ह्यात मराठीने विचार करायला सुरुवात केली, अशी परंपरेची साक्ष आहे, आणि चाळीस फुटांचं ते कापड, सुती, वाळवी लागू शकेल असं, चारशे वर्षं टिकलं. आपोआप नव्हे. घरच्या माणसांनी ते उलगडलं, झटकलं, पुन्हा गुंडाळून ठेवलं, म्हणून टिकलं.

तुमच्याही घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, लाल फडक्यात बांधलेलं एखादं बाड असेल. जुनं घर पाडताना अशी बाडं नदीत सोडून देतात. पुण्य लागतं म्हणतात. सोडू नका. फडकं सोडा, पानं उन्हात न ठेवता सावलीत उघडा, फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या मराठीच्या प्राध्यापकांना दाखवा. या दिवाळीच्या साफसफाईतच हे करा.