पात्यांच्या कोनाची गोष्ट

घरातला छताचा पंखा आठवा. त्याच्या पात्यांचा तिरकेपणा कारखान्यातच ठरलेला असतो. वारा कमी-जास्त करायचा तर रेग्युलेटर फिरवून वेग बदलायचा. पण बटण बंद केलं तरी पंखा लगेच थांबत नाही. रेडिओच्या साह्याने उडवायच्या छोट्या हेलिकॉप्टरांचा इतिहास, मला वाटतं, या एवढ्याशा विलंबाभोवती फिरतो.

या हेलिकॉप्टरांच्या दोन जाती. ‘फिक्स्ड पिच’मध्ये पात्यांचा कोन पंख्यासारखाच कायम. वर जायचं तर इंजिनाचा वेग वाढवायचा. भाग कमी, वजन कमी, किंमतही कमी. अडचण एकच. जड पात्यांना वेग घ्यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात जमीन गाठते. ‘कलेक्टिव्ह पिच’मध्ये वेग जवळजवळ कायम ठेवून सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलतात. प्रतिसाद तत्काळ मिळतो.

खरी कसोटी इंजिन बंद पडल्यावर. तेव्हा कोन कमी केला, की खालून येणारा वारा पाती फिरती ठेवतो. जमिनीजवळ कोन वाढवायचा आणि पात्यांत साठलेल्या ऊर्जेवर अलगद उतरायचं. फिक्स्ड पिचला ही सोय नाही.

माणसाला नेणाऱ्या हेलिकॉप्टरांनी हा धडा लवकर घेतला. राऊल पातेरास पेस्कारा यांनी १९२४ साली पॅरिसजवळ ७३६ मीटर उड्डाण केलं, तेव्हा त्यांच्या यंत्रात कोन बदलण्याची सोय होती. मॉडेलांना मात्र वजनाची चिंता. जर्मनीच्या डीटर श्लूटर यांनी १९७० साली रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर जवळपास २८ मिनिटं हवेत ठेवलं. पुढे बाजारात आलेलं त्यांचं ‘ह्यूई कोब्रा’ फिक्स्ड पिचचंच होतं. त्याच दशकात फ्रान्झ कावान यांचं कलेक्टिव्ह पिचचं ‘जेट रेंजर’ आलं. कोन उलटा करून पाठीवर उडता येतं, म्हणून कसरतींसाठी हीच पद्धत रूढ झाली.

मग फिक्स्ड पिच इतिहासजमा झालं का? मुळीच नाही. लग्नाचं चित्रीकरण करणारा चार पंख्यांचा ड्रोन बघा. त्याची पाती कायम कोनाचीच असतात, पण ती इतकी हलकी, की विजेची मोटर त्यांचा वेग क्षणात बदलते. विलंबच उरला नाही, तर कोन बदलायचा कशाला?

उलट १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ला विरळ हवेसाठी सुमारे १.२ मीटर व्यासाचे रोटर लागले. तिथे पुन्हा कलेक्टिव्ह पिचच कामी आलं. जानेवारी २०२४पर्यंत त्याने ७२ उड्डाणं केली.

म्हणून ‘दोन्हींत सरस कोण?’ असं कुणी विचारलं, तर मी आधी विचारतो, पाती केवढी आहेत?