चांद्याची खतावणी: सावकाराच्या वहीपासून क्लाउडपर्यंत

बी, के, आय, डी, शून्य, डब्ल्यू, ए, आय, एन, जी, बी. ही अकरा चिन्हे म्हणजे विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचा आयएफएससी संकेतांक. पहिली चार अक्षरे प्रवर्तक असलेल्या बँक ऑफ इंडियाची; शून्यानंतरच्या अक्षरांत मात्र ‘वैनगंगा’ दडलेली आहे. सिंधुदुर्गातल्या खातेदाराला पैसे पाठवणारा मनुष्य नकळत पूर्व विदर्भातल्या नदीचे नाव टंकत असे. बँकेच्या पाटीवरून ते नाव २०१३ मध्येच उतरले होते. खातेवह्या एकमेकींत विलीन होतात, तेव्हा मागे अशाच खुणा उरतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली वही टप्प्याटप्प्याने गावाबाहेर कशी गेली, त्याचा हा इतिहास.

आरंभी ही वही सावकाराच्या पेटीत होती. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा इंग्रजी अमलाखाली आला आणि पुढे मध्य प्रांताचा एक जिल्हा बनला. गोंडी किंवा माडिया बोलणारा शेतकरी अंगठा उठवी. वहीत नेमके काय लिहिले गेले, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. दख्खनमध्ये १८७५ साली सुप्याच्या रयतेने कर्जरोखे हिसकावून जाळले, त्यामागे हीच असहायता होती. मध्य प्रांतात कायदेशीर उपाय बराच उशिरा आला. १९३४ च्या सावकारी कायद्याने सावकारावर दोन बंधने घातली: प्रत्येक ऋणकोचा स्वतंत्र हिशेब ठेवायचा आणि दरवर्षी त्याचा लेखी उतारा ऋणकोला द्यायचा. या दोहोंतले दुसरे बंधन अधिक महत्त्वाचे. वही एकाकडे असली तरी तिची प्रत दुसऱ्याच्या हाती असली पाहिजे, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मांडले गेले.

येथे दोन शब्द नीट समजून घ्यावे लागतात. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहायचे, ती कीर्द. त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायच्या, ती खतावणी. एकाच्या नावे पडलेली रक्कम दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात जमा झालीच पाहिजे, आणि शेवटी तेरीज जुळली पाहिजे. संगणक आले, क्लाउड आला. या नियमात काडीचाही बदल झालेला नाही.

१९७५ च्या वटहुकमानंतर देशात ग्रामीण बँका निघू लागल्या. चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. येथल्या ग्रामीण बँकेचे नाव होते चंद्रपूर-गडचिरोली ग्रामीण बँक. पुढे विलीनीकरणातून ती वैनगंगा क्षेत्रीय ग्रामीण बँक झाली. मग सोलापूरकडची बँक जोडली गेली आणि नाव पडले वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक अस्तित्वात आली, आणि १ मे २०२५ रोजी तीही महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली. मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. आधी दोन जिल्हे, मग एक नदी, मग दोन नद्या, मग राज्याची दोन टोके, शेवटी सबंध राज्य. नावांची ही चढण पाहिली, तरी वही किती फुगत गेली हे ध्यानात येते.

यंत्रांची कथा याला समांतर चालली. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढच्याच वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. त्यातून शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन आले. खतावणी यंत्रावर चढली, पण ती त्या शाखेचीच राहिली. दुर्गम शाखांत वीज व दूरध्वनी यांचाच भरवसा नसल्याने तेथे कागद अधिक काळ टिकला. खरी उलथापालथ केली ती कोअर बँकिंगने. शाखेची म्हणून वेगळी खतावणी उरलीच नाही. वही एकच, दूरच्या डेटा सेंटरमध्ये. शाखा म्हणजे तिच्याकडे उघडणारी खिडकी.

अशा प्रणालीला तंत्रज्ञ मोनोलिथ म्हणतात. आपला शब्द एकाश्म. वेरूळचे कैलास लेणे एकाच खडकातून कोरलेले आहे. तसेच ठेवी, कर्जे, व्याज, दिवसअखेर हे सारे एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच डेटाबेसवर चालते. आजकाल या रचनेला जुनाट म्हणण्याची पद्धत आहे, पण ती टीका अर्धवट आहे. नावे आणि जमा या दोन्ही नोंदी एकाच क्षणी झाल्या पाहिजेत, नाहीतर एकही होता कामा नये. सिरोंच्यात पैसे काढताना मध्येच संपर्क तुटला, तर अपुरा व्यवहार आपोआप रद्द व्हावा लागतो. नोंदी एकाच ठिकाणी असल्या की ही हमी देणे फार सोपे जाते.

क्लाउडवरचे व्हर्च्युअल मशीन ही कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. एका मोठ्या यंत्राचे, प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र वाटतील असे अनेक संगणक करून देण्याची युक्ती आयबीएमने १९७२ मध्येच बाजारात आणली होती. क्लाउडने हे कप्पे भाड्याने मिळतील एवढेच केले. त्यावर बँकेची खतावणी चढवायची तर खरे कष्ट यंत्र घेण्यात नसतात. एक दिवस ठरवून व्यवहार थांबवायचे, जुन्या वहीतली प्रत्येक शिल्लक नव्या वहीत न्यायची, दोन्हींकडची तेरीज पैशापर्यंत जुळवायची, मगच खिडकी उघडायची. प्रतिलिपी दुसऱ्या शहरात ठेवायची.

जाता जाता एक विसंगती. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज पडघ्यापर्यंत नेण्यासाठी ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. वीज जंगलपट्ट्यातून मुंबईच्या दिशेने निघाली. पुढे इथल्या हिशेबांनीही आपला मुक्काम दूरच्या डेटा सेंटरांत हलवला. आणि त्याच काळात गडचिरोलीच्या दुर्गम गावांत एका मोबाइल टॉवरसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत होती. उभे राहिलेले काही टॉवर नक्षलवाद्यांनी जाळले.

याचा परिणाम कोणावर झाला? राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या फेब्रुवारी २००६ मधल्या पहिल्या टप्प्यात चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे होते. पुढे मजुरी खात्यात जमा होऊ लागली. मधला मुकादम बाजूला पडला, ही फार मोठी सुधारणा. नोंदीत गुपचूप फेरफार करणे अवघड झाले, हीसुद्धा. पण शाखेतला कारकून पूर्वी संध्याकाळी तेरीज जुळली नाही, तर लाल शाईने चूक तिथल्या तिथे दुरुस्त करू शके. तो अधिकारही वहीबरोबर गेला. ‘लिंक नाही’ हे दोन शब्द ऐकून भामरागडसारख्या तालुक्यातला माणूस मैलोगणती परत चालत जातो. वही शाबूत असते, फक्त ती दिसत नाही.

शेवटचा कागद गावातल्या सहकारी संस्थांकडे उरला होता. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मान्यता दिली: खर्च २,५१६ कोटी रुपये, सूत्रे नाबार्डकडे, आणि सर्वांसाठी क्लाउडवरची एकच सामाईक प्रणाली. आदिवासी भागांत अशा संस्थांचे काम कर्जापुरते नसते. आदिवासी विकास महामंडळाची हमीभावाची धानखरेदी आदिवासी विविध कार्यकारी संस्थांमार्फत होते. हंगामात गावाचे वर्षाचे उत्पन्न त्यांच्या नोंदवह्यांतून जाते.

प्राथमिक पतसंस्थेची वही क्लाउडवर चढवताना सर्वांत नाजूक रकाना असतो ‘प्रारंभिक शिल्लक’. वीस वर्षांपूर्वी फेडलेले कर्ज एखाद्या फाटक्या नोंदवहीत अजून थकीत दिसत असेल आणि ते तसेच भरले गेले, तर प्रणाली त्यावर बिनचूक व्याज आकारत राहील. तेरीज जुळेल, लेखापरीक्षकाला आकड्यांत विसंगती दिसणार नाही. चूक ओळखू शकतो तो फक्त सभासद, आणि तोही नव्या वहीतला आपल्या खात्याचा छापील उतारा, त्याला वाचता येईल अशा भाषेत, त्याच्या हाती पडला तरच. १९३४ च्या कायद्याने सावकाराकडून मागितला होता तो हाच उतारा.